वैनगंगेच्या काठी आपले स्वागत



स्वागत समितीच्या वतीने आपणा सर्वांचे मनःपूर्वक स्वागत. कणांच्या टकरी आणि उच्च-ऊर्जा खगोलशास्त्र हे विषय घेऊन एवढी विद्वान मंडळी परिषदेसाठी आमच्या चामोर्शी गावी येतील, असे आम्हांला वाटले नव्हते. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपुरातून वेगळा झालेला हा आमचा गडचिरोली जिल्हा. धानाची बांधी, तळी, तेंदू आणि मोह यांवर जगणारा. पूर्व बंगालमधून आलेली निर्वासित कुटुंबे या तालुक्यात वसली आणि इथलीच झाली.

पण चामोर्शीची खरी ओळख म्हणजे आमचा मार्कंडा. दक्षिणेकडे वाहणारी वैनगंगा तिथे वळून उत्तरवाहिनी होते आणि त्या वळणावर महादेवाचे मंदिर उभे आहे. सभोवती लहानमोठ्या देवळांचा समूह आहे. भिंतींवर देवदेवता, अप्सरा, हत्ती यांच्या इतक्या मूर्ती आहेत की डोळा ठरत नाही. पुरातत्त्वज्ञ अलेक्झांडर कनिंगहॅम १८७३-७४ च्या दौऱ्यात मध्य प्रांतात हिंडले. त्यांच्या अहवालात मार्कंड्याचे वर्णन आहे. विदर्भाचे खजुराहो असे लोक म्हणतात. मी म्हणतो, मार्कंड्याला मार्कंडाच म्हणावे. महाशिवरात्रीला इथे केवढी जत्रा भरते! ती पाहायला आपण पुन्हा यावे, हे आमंत्रण आजच देतो.

या देवळावर फार पूर्वी वीज पडली. शिखराचा वरचा भाग मंडपावर कोसळला आणि पुढे गोंड राजवटीत जाड खांब व कमानी घालून मंडप सावरला, असे सांगतात. लहानपणापासून आम्ही विचारत आलो, त्या ढगात एवढी शक्ती येते कुठून? या परिषदेच्या तयारीत मला कळले, की टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या उटी येथील ग्रेप्स-३ प्रयोगाने १ डिसेंबर २०१४ च्या वादळी ढगातील विद्युतदाब मोजला. तो १३० कोटी व्होल्ट भरला! ढगात कुणी तार सोडली नव्हती. अवकाशातून आलेले कण हवेतील अणुकेंद्रकांवर आदळतात, त्यातून म्युऑन नावाचे कण जन्मतात. ढगाखाली त्यांची संख्या किती घटली, यावरून हा हिशेब केला. कणांची टक्कर म्हणजे जिनिव्हाच्या कणत्वरकाच्या बोगद्यातली, अशी माझी समजूत होती. ती तर आमच्या धानाच्या शेतांवरही अखंड चालू आहे. आत्ता आपल्या प्रत्येकाच्या तळहातातून दर सेकंदाला एखाददुसरा म्युऑन जातो आहे.

व्यासपीठावर डॉ. रोहिणी गोडबोले यांची प्रतिमा ठेवली आहे. जन्म पुण्याचा, कर्मभूमी बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था. अतिऊर्जावान टकरींत प्रकाशकण कसा वागतो, हा त्यांच्या अभ्यासाचा एक मोठा विषय. २०१९ मध्ये पद्मश्री मिळाली. २५ ऑक्टोबर २०२४ रोजी त्या गेल्या. भारतीय स्त्री-शास्त्रज्ञांच्या आत्मकथनांचे पुस्तक त्यांनी संपादकांपैकी एक म्हणून घडवले. म्हणूनच आश्रमशाळेच्या मुलींना पहिल्या रांगेत बसवले आहे. पाहुण्यांना विनंती, की त्यांच्या प्रश्नांना वेळ द्यावा.

आता व्यवस्थेविषयी. निवास शाळेच्या खोल्यांत आहे. गाद्या सर्वांना पुरल्या नाहीत, काही जणांना सतरंजीवर झोपावे लागेल, त्याची क्षमा असावी. रात्री वीज गेली तर जनरेटर आहे, पण तो सुरू होईपर्यंत थोडा धीर धरावा. मच्छरदाणी अवश्य लावावी. फलकावर काही समीकरणे उलटसुलट छापली गेली, ती आज दुरुस्त होतील.

हा मंडप झाडीपट्टीतल्या एका नाटक मंडळीने ऐन हंगामात, भाडे न घेता दिला. धान गिरणीच्या मालकांनी तांदूळ दिला, भोई बांधवांनी तळ्याची मासोळी, किराणा व्यापाऱ्यांनी तेल-डाळ. बचत गटाच्या भगिनी पहाटेपासून चुलीपाशी आहेत. बंगाली वस्तीतल्या मंडळींनी मिठाईचा सारा भार उचलला. वाहनवाले, पाण्याचे टँकरवाले, नगर पंचायतीचे सफाई कामगार, ज्यांनी नाव घेऊ नका असे बजावून पाकीट दिले ते दाते, या सर्वांचा मी ऋणी आहे. कुणी राहून गेले असेल तर त्यांनी राग मानू नये.

उद्या सकाळी सहाला शाळेच्या फाटकातून मार्कंड्याला गाड्या निघतील. नदीत उतरणाऱ्यांनी घाटावर जपून पाय टाकावा. आमची मुले सोबत राहतील. परिषदाध्यक्षांनी आता सूत्रे स्वीकारावीत, ही विनंती.