बहिणीचा वाटा : हॅरी बोराडेल आणि सुरतेतील ‘व्यवहारमयूख’



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी सुरतेसारख्या गुजराती नगरात मराठीची ज्योत तेवत ठेवली. त्यांच्या नावाने बोलण्याचा मान मला दिलात, याबद्दल मी शाळेचा ऋणी आहे. मी कायद्याचा पंडित नव्हे, आयुष्यभर मराठी शिकविणारा मास्तर आहे. तरीही आज एका इंग्रज विधिपंडिताविषयी बोलणार आहे. कारण त्याने जो ग्रंथ इंग्रजीत नेला, तो आपल्याच मातीतून निघालेल्या एका घराण्याचा होता आणि ते काम प्रसिद्ध झाले ते याच सुरतेत.

या गृहस्थाचे नाव हॅरी बोराडेल. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई इलाख्यातील हा मुलकी अधिकारी. १८२० च्या दशकात इलाख्याची सदर दिवाणी अदालत काही वर्षे सुरतेत होती. त्या अदालतीच्या निवाड्यांचा संग्रह बोराडेलने सिद्ध केला आणि तो १८२५ च्या सुमारास छापला गेला. त्यानंतर १८२७ साली नीलकंठभट्टांच्या ‘व्यवहारमयूख’ या संस्कृत ग्रंथाचे त्याने केलेले भाषांतर सुरतेत प्रसिद्ध झाले.

हे नीलकंठभट्ट कोण? त्यांचे पणजोबा रामेश्वरभट्ट पैठणहून काशीस गेले. छत्रपती शिवाजीमहाराजांचा १६७४ साली राज्याभिषेक करणारे गागाभट्ट याच घराण्यातले. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात नीलकंठांनी धर्मशास्त्रावर बारा ‘मयूख’ रचले. त्यांपैकी व्यवहाराचा, म्हणजे दाव्यांचा आणि वारशाचा, हा मयूख. गंमत पाहा : गोदाकाठचे घराणे, गंगाकाठचा ग्रंथ आणि त्याचा इंग्रजी अवतार तापीकाठी! महाराष्ट्रात मिताक्षरा प्रमाण राहिली. गुजरातेत मात्र दोहोंत मतभेद झाल्यास न्यायालये मयूखाचा शब्द वरचढ मानू लागली.

हा मतभेद केवळ पंडिती नव्हता, हे एका उदाहरणाने सांगतो. निपुत्रिक भाऊ वारला; मागे पत्नी नाही, कन्या नाही, आईवडील नाहीत, भाऊ-पुतणे नाहीत. धन कोणाकडे जावे? नीलकंठ आजीनंतर बहिणीला उभी करतात. त्यांची युक्ती साधी आहे : बहीण विवाहाने दुसऱ्या गोत्रात गेली, तरी जन्मली ती भावाच्याच गोत्रात, म्हणून तीही ‘गोत्रज’. एका शब्दाच्या अर्थावर बहिणीचा हक्क उभा राहिला. मिताक्षरा मानणाऱ्या इतर अनेक प्रांतांत बहिणीला वारसांच्या क्रमात वरचे स्थान मिळण्यास १९२९ चा कायदा यावा लागला.

इंग्रज न्यायाधीशांना संस्कृत येत नसे. त्यांच्यासमोर ग्रंथ म्हणजे भाषांतरच. १८६५ साली व्हिटली स्टोक्सने मद्रासेत हिंदू कायद्याचे मूलग्रंथ एकत्र छापले, तेव्हा मयूखासाठी बोराडेलचेच भाषांतर घेतले. पुढे १८८० साली रावसाहेब विश्वनाथ नारायण मंडलिकांनी नवे भाषांतर केले आणि विसाव्या शतकात महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी मूळ ग्रंथाची साक्षेपी आवृत्ती सिद्ध केली. पहिली पायवाट मात्र बोराडेलची.

त्याच्या कार्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. एल्फिन्स्टनच्या कारकिर्दीतील १८२७ च्या नियमांनी असे ठरविले, की सरकारी कायदा नसेल तेथे आधी देशाची रूढी पाहावी. मग रूढी लिहून घेणे आले. दख्खनेत हे काम आर्थर स्टीलने केले, गुजरातेत बोराडेलने. जातीजातींना प्रश्न घालून त्याने उत्तरे टिपून घेतली. ती टिपणे १८८० च्या दशकात सर मंगळदास नथुभाईंनी गुजरातीत छापविली. संग्रह मोलाचा खरा. पण उत्तरे दिली ती पंचांनी, आणि पंच म्हणजे पुरुष. सुनेला, विधवेला, बहिणीला कोण विचारणार? बोलीतली रूढी काळाबरोबर वाकते. कागदावर आली की ती ताठ होते.

येथे मला स्वतःविषयी थोडे बोलले पाहिजे. १९८४ साली माझे वडील निवर्तले. मागे त्यांचे स्वकष्टार्जित घर होते. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने माझ्या धाकट्या बहिणीचा त्या घरात माझ्याइतकाच वाटा होता. हे मला ठाऊक होते. तरी भाऊबीजेला ती आली, तेव्हा मी हक्कसोडपत्र तिच्यापुढे ठेवले. “दादा, कुठे सही करू?” एवढेच तिने विचारले. तिने तो कागद वाचला नाही आणि मी वाचून दाखविला नाही. ओवाळणीत साडी घातली आणि ‘रीतच आहे’ असे मनाला समजाविले.

पुढे निवृत्तीनंतर मयूख वाचताना ‘गोत्रज’ शब्दावर आलो आणि थबकलो. साडेतीनशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या एका शास्त्र्याने शब्दाचा कीस पाडून बहिणीला आत घेतले होते. शब्दांवर उपजीविका करणाऱ्या मी तिला एका सहीने बाहेर काढले होते. हे तिला सांगेपर्यंत ती उरली नव्हती. तिच्या मुलांना मी त्या घराचा अर्धा भाग लिहून दिला. पण ते तिला देणे नव्हे.

२००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित एकत्र मिळकतीतही कन्येला पुत्राइतकाच हक्क दिला आहे. तरी हक्कसोडपत्रे होतच आहेत. म्हणून समोर बसलेल्या मुलींना सांगतो : कागद वाचल्याशिवाय सही करू नका. आणि मुलांना सांगतो : बहिणीपुढे कागद ठेवाल, तेव्हा तो आधी तिला वाचून दाखवा. तिने समजून-उमजून दिले तर ते दान. न समजता दिले तर ती आपण केलेली लूट. हॅरी बोराडेलने परक्या भाषेतला ग्रंथ परिश्रमाने वाचला. आपण निदान आपल्या भाषेतला कागद प्रामाणिकपणे वाचावा, एवढीच गुरुजींच्या स्मृतीस साक्ष ठेवून विनंती करतो आणि आपली रजा घेतो.