वादळाच्या पोटात शिरणारी तुकडी
(वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



मी सातवीपर्यंत शिकलेली, चूल सांभाळणारी बाई. भाषणाची सवय नाही. चुकले तर सांभाळून घ्या.

३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्याला लागले. आपल्या वाडीतले माड आडवे झाले, आमच्या घरावरचे पत्रे उडाले. आदल्या दिवशीच इशारा मिळाल्यामुळे सासूबाईंना घेऊन आम्ही शाळेच्या पक्क्या इमारतीत गेलो होतो, म्हणून वाचलो. वादळ कोठे येणार हे आधी कळते तरी कसे, हा प्रश्न तेव्हापासून मनात घोळत होता. मुलाकडून वाचून घेताना अमेरिकेतील एका विमान-तुकडीची हकीकत कळली, ती सांगते.

२७ जुलै १९४३ रोजी टेक्सासच्या किनाऱ्यावर वादळ आले असता कर्नल जोसेफ डकवर्थ यांनी एका इंजिनाचे शिकाऊ विमान मुद्दाम त्यात घातले. सुखरूप परतल्यावर हवामान अधिकारी म्हणाले, मलाही न्या. तेव्हा हे गृहस्थ त्यांना घेऊन त्याच दिवशी पुन्हा गेले!

पुढच्याच वर्षी ही तुकडी उभी राहिली. महायुद्ध चालू होते. उत्तर अटलांटिकवरून युरोपला विमाने न्यायची, तर वाटेवरचे हवामान पाहणे हे तिचे काम. युद्ध संपले आणि हळूहळू वादळांचा माग काढणे हेच तिचे मुख्य काम झाले. १९९१ साली ती मोडण्यात आली. पण १९९३ साली राखीव हवाई दलात पुन्हा उभी केली. मिसिसिपी राज्यातील बिलॉक्सी गावी तिचा तळ आहे.

राखीव म्हणजे काय? तर त्यांतील पुष्कळजण एरवी आपापला नोकरीधंदा करतात आणि हाक आली की विमानात बसतात. चार इंजिनांचे विमान सुमारे दहा हजार फुटांवरून वादळाच्या डोळ्यातून आरपार जाते. तेथून छोटी नळकांडी छत्रीला बांधून खाली सोडतात. ती पडता पडता हवेचा दाब, उष्णता, दमटपणा आणि वारा कळवतात. उपग्रहाला वरून ढग दिसतात, पण पोटातला दाब असा आत शिरूनच नीट मोजता येतो. हे काम जिवावरचे आहे. १९७४ साली अशाच दुसऱ्या एका तुकडीचे विमान पॅसिफिकमधील तुफानात सहा माणसांसह नाहीसे झाले.

ऑगस्ट २००५ मध्ये 'कतरिना' वादळ तर त्यांच्याच गावावर आले. तळाची नासधूस झाली, कित्येकांची घरे गेली. तरी जॉर्जियातील दुसऱ्या तळावरून त्यांची उड्डाणे चालूच राहिली. स्वतःचे घर बुडत असता दुसऱ्याच्या घरासाठी वारा मोजायचा, हे मला फार मोठे वाटले.

आपल्याकडे उपग्रह आणि किनाऱ्यावरील रडार यांवरून हवामान खाते इशारा देते. पण तो आजारी म्हातारीपर्यंत, अवघडलेल्या सुनेपर्यंत पोचवणार कोण? 'निसर्ग'च्या वेळी आमच्या आळीतली एक म्हातारी घरातच राहिली होती. तिला आणायचे कोणालाच सुचले नाही. दैव म्हणून ती वाचली.

म्हणून माझी सूचना अशी की, मंडळाने आळीवार दोन-दोन जणी नेमाव्या. एरवी आपण आपल्या संसारात असू. इशारा आला की दारोदार जाऊ. माझ्या आळीसाठी माझे नाव पहिले लिहून घ्या.