मूळ आकडे कुठे आहेत?

(मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्हा दोघांना विज्ञानावर बोलायला सांगितलं, तेव्हा चांद्रयानासारखा एखादा विषय येईल अशी कार्यकर्त्यांची अपेक्षा असावी. पण आमच्यापैकी एकीचं आयुष्य कॉलेजच्या ग्रंथालयात गेलं आणि दुसऱ्याचं संख्याशास्त्र शिकवण्यात. त्यामुळे आम्ही आमच्या रोजच्या कामातलाच विषय घेतला आहे. शास्त्रज्ञ जर्नलमध्ये शोधनिबंध छापतात, तेव्हा त्यामागची मोजमापं, नोंदी, आकडे लोकांसमोर ठेवतात का? नसतील ठेवत, तर त्यांना ते ठेवायला कोणी लावायचं? या मूळ माहितीला हल्ली मराठीत 'विदा' म्हणतात. शब्द चांगला आहे, पण अजून जिभेवर रुळलेला नाही, म्हणून आम्ही आपला डेटाच म्हणू.

आपल्या मंडळाची स्मरणिका घ्या. सुरुवातीला शुभेच्छा, मध्ये लेख, आणि शेवटी गेल्या वर्षीचा जमाखर्च, वर्गणीदारांच्या यादीसकट. कुणाच्या नावापुढे पाचशेच्या जागी चारशे पडले, तर दुसऱ्या दिवशी सकाळी कोषाध्यक्षांचा फोन वाजतो. यादी न छापता 'यंदाचा उत्सव काटकसरीत पार पडला' एवढंच एक वाक्य छापलं असतं, तर तुम्ही ऐकून घेतलं असतं का? शोधनिबंधांच्या बाबतीत जगानं ते फार वर्षं ऐकून घेतलं आहे. त्याची किंमत काय होते, ते २०२० च्या उन्हाळ्यात दिसलं.

तेव्हाचं हायड्रॉक्सिक्लोरोक्विन आपल्या सगळ्यांना आठवत असेल. संधिवाताचे रुग्ण वर्षानुवर्षं घेत आलेली ही गोळी कोरोनावर चालते असं म्हटलं जाऊ लागलं होतं. आपल्याकडे डॉक्टर आणि परिचारिकांना ती प्रतिबंधक म्हणून घेण्याचा सल्लाही दिला गेला होता. अशा वेळी २२ मे रोजी 'लॅन्सेट' या लंडनच्या नामवंत वैद्यकीय जर्नलमध्ये एक निबंध आला. सहा खंडांतली ६७१ रुग्णालयं आणि ९६,०३२ रुग्ण! निष्कर्ष असा, की या औषधानं फायदा तर दिसत नाहीच, उलट ते घेणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण जास्त आहे. तीनच दिवसांनी, २५ मे रोजी, जागतिक आरोग्य संघटनेनं आपल्या चाचणीतला या औषधाचा भाग थांबवल्याचं जाहीर केलं.

हा सगळा डेटा सर्जिस्फिअर नावाच्या एका छोट्या अमेरिकन कंपनीचा होता. निबंध वाचताच जगभरच्या संख्याशास्त्राच्या मंडळींना काहीतरी खटकलं. ऑस्ट्रेलियाचंच पाहा. निबंधाप्रमाणे २१ एप्रिलपर्यंत तिथल्या मोजक्या रुग्णालयांत कोरोनाचे ७३ मृत्यू झाले होते. तोपर्यंत अख्ख्या ऑस्ट्रेलियात नोंदले गेलेले मृत्यू होते ६७! आठवड्याभरात शेकडो संशोधकांनी जर्नलला खुलं पत्र लिहिलं. त्यांचं मुख्य म्हणणं एकच होतं: कोणती रुग्णालयं, ते सांगा आणि मूळ डेटा दाखवा. बाहेरच्या तज्ज्ञांकडून तपासणी करायचं ठरलं, तेव्हा गोपनीयतेचं आणि ग्राहकांशी झालेल्या करारांचं कारण पुढे करून कंपनीनं पूर्ण डेटा द्यायला नकार दिला. ४ जूनला तीन लेखकांनी निबंध मागे घेतला. याच कंपनीच्या डेटावर लिहिलेला दुसरा एक निबंध त्याच दिवशी अमेरिकेतल्या 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मधूनही मागे घेतला गेला.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर तुमचा गैरसमज होईल. त्या औषधाचा रुग्णालयातल्या कोरोना रुग्णांना फायदा होत नाही, हे पुढे खरंच ठरलं. ब्रिटनमधल्या रिकव्हरी या मोठ्या चाचणीनं ५ जूनलाच ते जाहीर केलं. म्हणजे सर्जिस्फिअरच्या निष्कर्षाचा एक भाग बरोबर निघाला. म्हणून त्यांचं काही चुकलं नाही असं कोणी म्हणू लागलं, तर आम्ही ते मान्य करणार नाही. परीक्षेत नुसतं उत्तर जुळलं आणि रीत दाखवली नाही, तर आम्ही विद्यार्थ्याला गुण देत नव्हतो.

आता तुम्ही म्हणाल, छापण्याआधी तज्ज्ञ तपासतात ना? तपासतात, पण तपासतात तो निबंध. ते तक्ते वाचतात, पद्धत वाचतात. तक्ता ज्या नोंदींवरून केला, त्या नोंदी बहुतेक वेळा त्यांच्यासमोर नसतातच. जर्नलनं मागितल्याशिवाय त्या येत नाहीत. या प्रकरणानंतर लॅन्सेटनं नियम बदलले. एकापेक्षा जास्त लेखकांनी डेटा स्वतः पाहून पडताळला आहे, असं आता तिथे लिहून द्यावं लागतं. बरं झालं, पण हे लिहून देणंच आहे. खुलं करणं वेगळं.

खुलं करणं जमतं का? जमतं, आणि त्याचं सगळ्यात चांगलं उदाहरण पन्नास वर्षांहून जुनं आहे. प्रथिनांच्या रेणूंची रचना क्ष-किरणांनी शोधतात. एकेका रेणूवर पूर्वी वर्षंच्या वर्षं जात. शोधलेल्या रचना एका जागी ठेवाव्यात म्हणून १९७१ साली 'प्रोटीन डेटा बँक' सुरू झाली, तेव्हा तिच्यात फक्त सात रचना होत्या. बँकेत ठेव ठेवायची की नाही हे ज्याच्या त्याच्या मर्जीवर होतं, त्यामुळे बरेच जण निबंध छापून मोकळे होत आणि रचना कपाटात ठेवत. १९८९ मध्ये स्फटिकशास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं ठेवी ठेवण्याचे नियम सुचवले. हळूहळू जर्नलांनी दंडक घातला, की बँकेचा क्रमांक नसेल तर निबंध छापणार नाही. तरीही निबंध छापल्यावर रचना वर्षभर झाकून ठेवायची सवलत होती. १९९८ च्या सुमारास मोठ्या जर्नलांनी तीही काढली.

आमच्या मते सगळी मेख या दंडकात आहे. उपदेशानं जे झालं नव्हतं, ते 'क्रमांक आणा' या दोन शब्दांनी झालं. आज त्या बँकेत दोन लाखांहून अधिक रचना आहेत. कोणीही, अगदी या मांडवात बसलेला अकरावीचा मुलगाही, त्या मोबाइलवर फुकट पाहू शकतो. कोरोना विषाणूच्या एका महत्त्वाच्या प्रथिनाची रचना चिनी शास्त्रज्ञांनी फेब्रुवारी २०२० मध्येच तिथे खुली केली. त्यांचा निबंध छापून यायचा होता, पण जगभर औषधाचा शोध सुरूही झाला. पुढे याच साठ्यावर शिकवलेल्या अल्फाफोल्ड या संगणकीय प्रणालीला २०२४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला.

यात आपलाही हातभार आहे. बँकेत येणारी प्रत्येक प्रथिनाची रचना ज्या आलेखावर पारखली जाते, तो रामचंद्रन आलेख १९६३ साली मद्रासमध्ये जी. एन. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडला. आणि आपल्या इंदूरच्या राजा रामण्णा केंद्रातल्या इंडस-२ या यंत्राच्या क्ष-किरणांवर शोधलेल्या रचनाही त्या बँकेत आहेत. नोंदीत यंत्राचं नाव लिहिलेलं असतं. शोधून पाहा, बरं वाटतं.

मराठी माणसाला ही कल्पना परकी वाटायचं कारण नाही. १८७८ साली पुण्यात 'काव्येतिहाससंग्रह' हे मासिक निघालं, ते जुन्या बखरी आणि पत्रं छापण्यासाठी. वि. का. राजवाड्यांनी १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चे बावीस खंड काढले. नाव पाहा, इतिहास नव्हे, इतिहासाची साधनं. राजवाड्यांच्या प्रस्तावनांतली मतं लोकांनी पुढे कितीतरी खोडली, पण ती खोडायला त्यांनीच छापलेली पत्रं कामाला आली.

आक्षेप आहेत, आणि काही खरे आहेत. रुग्णांची ओळख उघड होता कामा नये. गावोगाव हिंडून जमवलेला डेटा खुला केला, की परदेशातल्या सुसज्ज प्रयोगशाळा त्यावर आधी निबंध लिहून मोकळ्या होतील, ही भीतीही आम्हाला खोटी वाटत नाही. थोडी मुदत द्यावी आणि मूळ डेटालाच निबंधाचा मान द्यावा, म्हणजे तो वापरणाऱ्याला जमवणाऱ्याचं नाव घ्यावंच लागेल. २०१४ पासून 'सायंटिफिक डेटा' हे जर्नल नेमकं हेच काम करतं. पण २०१६ मध्ये न्यू इंग्लंड जर्नलच्या संपादकीयात इतरांचा डेटा वापरणाऱ्यांसाठी 'परजीवी' हा शब्द आला, तो आम्हाला मुळीच पटला नाही. राजवाड्यांची पत्रं वापरणारा परजीवी कसा?

सर्वांत फसवं वाक्य म्हणजे 'वाजवी विनंती केल्यास डेटा दिला जाईल'. हे छापलं, की झाकली मूठ सव्वा लाखाची राहते. आमच्या एका विद्यार्थिनीनं अशाच एका निबंधाच्या लेखकांना तीनदा लिहिलं. तिसऱ्या वेळी उत्तर आलं, की संगणक बदलला, फाइल सापडत नाही. हा तिच्या नशिबाचा भाग नव्हता. २०२२ साली छापलेल्या एका पाहणीत अशी तयारी दाखवणाऱ्या १,७९२ लेखकांना पत्रं गेली, तेव्हा ९३ टक्क्यांनी एकतर उत्तर दिलं नाही, नाहीतर नकार दिला. आणि ५१६ निबंधांच्या आणखी एका अभ्यासात दिसलं, की निबंध जुना होत जातो तशी डेटा शिल्लक असण्याची शक्यता दर वर्षी घटते. जुन्या फ्लॉपी घरात असतील, तर त्या वाचायला यंत्र कुठे आहे ते आठवून पाहा.

आपल्या देशातही आता फरिदाबादला जीवशास्त्रीय डेटाचं राष्ट्रीय केंद्र आहे. संशोधन करणारी मुलं-सुना इथे बऱ्याच जणांच्या घरात आहेत. त्यांना आज रात्री एवढंच विचारा, की तुमच्या शेवटच्या निबंधाचा डेटा कुठे ठेवला आहे?

आरतीला अजून दहा मिनिटं आहेत. तेवढ्या वेळात कोणाचे प्रश्न असतील, तर आम्ही दोघंही इथेच आहोत.