वचन काय दिलं, छापलं काय? औषधसंशोधन आणि एआय



मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, डॉक्टर नाही. तरी आज औषधांच्या संशोधनावर बोलणार आहे, कारण त्यातली चूक शेवटी आपल्या घरच्या गोळ्यांच्या डब्यात येते.

औषधाची चाचणी सुरू होण्यापूर्वी संशोधकांनी नोंदवायचं असतं, की आम्ही नेमकं काय मोजणार. समजा, नोंदवलं ‘वर्षभरात किती जणांना हार्ट अटॅक आला’. त्यात फरक दिसला नाही, म्हणून पेपरात छापलं ‘रक्तदाब कमी झाला’. म्हणजे बाण आधी मारायचा आणि त्याभोवती गोल नंतर काढायचा! रुग्णाला मात्र वाटतं, या गोळीने हार्ट अटॅक टळतो.

ऑक्सफर्डच्या बेन गोल्डएकर यांच्या गटाने २०१५-१६ मध्ये पाच नामांकित वैद्यकीय नियतकालिकांतल्या ६७ चाचण्या अशा पडताळल्या. पूर्ण निर्दोष निघाल्या फक्त ९. हे काम त्यांनी एकेक नोंद वाचून केलं.

इथे एआय उपयोगी पडेल. नोंद आणि पेपर शेजारी ठेवून तफावत दाखवणं भाषेच्या मॉडेलला जमण्यासारखं आहे. पण मॉडेल चुकीची गोष्टही ठामपणे सांगतं. म्हणून त्याने फक्त बोट ठेवायचं. मूळ कागद वाचून निवाडा माणसानेच करायचा.

आणि एआयलाही हीच कसोटी लावायची. कोविडच्या काळात एक्स-रे, सीटी स्कॅनवरून आजार ओळखणाऱ्या मॉडेल्सचा लोंढा आला. केंब्रिजच्या संशोधकांच्या गटाने त्यातले ६२ अभ्यास बारकाईने तपासले आणि २०२१ मध्ये निष्कर्ष छापला: रुग्णांसाठी वापरण्याजोगं एकही मॉडेल नाही. काही अभ्यासांत कोविड नसलेले एक्स-रे १ ते ५ वर्षांच्या मुलांचे होते, कोविडचे मोठ्यांचे. असं मॉडेल आजार ओळखेल की वय?

भारतात क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री २००७ पासून आहे आणि ती कुणालाही पाहता येते. तुमच्यात फार्मसी, नर्सिंग, इंजिनिअरिंग शिकणारे आहेत. दोघं-तिघं मिळून एक चाचणी निवडा, तिची नोंद आणि पेपर ताडून पाहा. तफावत दिसली तर नियतकालिकाच्या संपादकांना पुराव्यासह, सभ्य भाषेत लिहा. घरात कुणाचं औषध मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका.

प्रश्न विचारायला मोठी पदवी लागत नाही. उत्तर तपासण्याची चिकाटी लागते.