कागद नसलेलं शिंगरू



तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्यांचा मोठा बाजार भरतो. तिथं एखादं शिंगरू मनात भरतं. विकणारा म्हणतो, "अस्सल मारवाडी आहे, पण नोंदणीचा कागद नाही." घ्यावं का?

कागदावरून आई-बाप कळतात. कागद नसेल, तर जातीचे पैसे मोजू नका. समोरच्या जनावराचे मोजा. तोंड उघडून पाहा. मधले दुधाचे दात अडीच वर्षांच्या सुमारास पडतात. त्यावरून वय कळतं. चालवून पाहा. ग्लँडर्स हा घोड्याचा रोग माणसालाही होतो. गुरांच्या डॉक्टरांकडून रक्त तपासून घ्या. विकणारा तपासणीला नाही म्हणाला, तर इसार देऊ नका. सौदा ठरला, तर पावती मागा. आता वाचता येतं. स्वतः वाचा, मगच सही करा.