रात्रीच्या ओलितावर कोणती पँट घालावी?

या आठवड्यात आपल्या पंपांची वीज रात्रीची आहे. म्हणजे मुकुटबनपासून पैनगंगेच्या काठापर्यंत आज कितीतरी माणसं जेवण उरकून हरभऱ्याला आणि गव्हाला ओलीत करायला निघतील. तुरीत रानडुकरं शिरू नयेत म्हणून कुणी जागलीला बसेल. झरी जामणीच्या जंगलात वनरक्षक आणि त्यांच्या सोबतचे रोजंदारीचे वनमजूर गस्तीला जातील. या सगळ्यांच्या अंगात स्वेटर असेल, कानाला दुपट्टा गुंडाळलेला असेल. पण कमरेखाली काय असेल? बहुतेकांची जुनी जीन्स, नाहीतर दिवसभर घातलेली सुती पँट. आज मला या पँटीबद्दलच बोलायचं आहे, कारण थंडीच्या दिवसांत पायांकडे आपण फार दुर्लक्ष करतो.

थंड आणि ओल्या रानात हलकी पण उबदार पँट कोणती, यावर जगात शिकारी आणि गिर्यारोहक यांनी फार बारकाईने विचार केलेला आहे. स्कॉटलंडच्या डोंगरात किंवा अलास्कात हरणामागे जाणारा माणूस आधी पावसात, चिखलात मैलोन्‌मैल चालतो, घामेजतो आणि मग तासन्‌तास हलता येत नाही असा दबा धरून बसतो. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला लगाम घातला आणि १९९१ च्या दुरुस्तीने ती जवळजवळ पूर्ण बंद केली. ती बंदच राहिली पाहिजे. २०२१ च्या एप्रिलमध्ये आपल्याच मुकुटबन वनपरिक्षेत्रात एका गाभण वाघिणीला मारलं गेलं, त्याची आठवण आजही अंगावर काटा आणते. पण आधी चालून घामेजणं आणि मग थंडीत बसून राहणं, हे जे शिकाऱ्याच्या शरीराचं होतं, तेच ओलितावरच्या शेतकऱ्याचं आणि गस्तीवरच्या वनरक्षकाचं होतं. म्हणून त्यांचं कपड्यांचं ज्ञान आपल्या कामाचं आहे.

ओलीत म्हणजे काय असतं, हे शहरात राहणाऱ्या श्रोत्यांसाठी सांगतो. स्प्रिंकलरचे पाइप दर दोन-तीन तासांनी एका पट्ट्यातून दुसऱ्या पट्ट्यात न्यावे लागतात. जोड सोडवून पाइप उचलला की त्यात उरलेलं पाणी एका टोकाने सुटतं आणि सरळ मांडीवर येतं. पुढे ओल्या हरभऱ्यातून चालताना पोटऱ्या भिजतात. चार पाइप बदलेपर्यंत पँट कमरेपासून घोट्यापर्यंत ओली झालेली असते. हे चालू असताना थंडी जाणवत नाही, कारण अंग कामात असतं. खरी थंडी वाजते ती पाइप जोडून झाल्यावर, पुढच्या पाळीची वाट बघत बांधावर उकिडवं बसल्यावर.

आपला यवतमाळ जिल्हा कापसाचा आहे. आपली लग्नं, शिक्षणं, घरं कापसावर झाली. तरीही मी आज स्पष्ट सांगतो, थंडीत, ओल्यात, रात्रीच्या वेळी पायात कापूस घालू नका. आपल्या जुन्या माणसांना कापसाचा हा स्वभाव चांगला ठाऊक होता. हरभऱ्याची आंब धरायची असली की ते पातळ सुती फडकं रात्री झाडांवर पसरत. पहाटेपर्यंत फडकं दवासकट आंब पिऊन जड व्हायचं आणि पिळलं की भांड्यात आंब जमायची. फडक्याने जे हरभऱ्यावर केलं, तेच सुती पँट आपल्या पायांवर करते. ती पाणी पिते, धरून ठेवते आणि कातडीला चिकटून बसते.

वस्त्रशास्त्रातले आकडे हेच सांगतात. पाण्यात न बुडवता, नेहमीच्या दमट हवेतच १०० ग्रॅम कोरडा कापूस साडेआठ ग्रॅमच्या आसपास पाणी ओढून घेतो. पॉलिस्टर अर्धा ग्रॅमही घेत नाही. लोकर मात्र सोळा ग्रॅमपर्यंत घेते, म्हणजे कापसाच्या दुपटीजवळ, तरी ती ऊब देते. याचं कारण असं की लोकरीचा तंतू ओलावा आपल्या पोटात घेतो आणि त्याची कुरळी वळणं ओल्यातही उभी राहतात. त्या वळणांत हवा अडकून राहते, आणि ऊब म्हणजे दुसरं काही नाही, अडकलेली हवा. ओला कापूस लोळागोळा होतो. हवेची जागा पाणी घेते, आणि पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीस पट वेगाने उष्णता वाहून नेतं. शिवाय एक ग्रॅम पाणी अंगावर वाळायला सुमारे ५८० कॅलरी उष्णता लागते. जाड जीन्समध्ये अर्धा लिटर पाणी सहज मुरतं. तेवढं वाळवायला २९० किलोकॅलरी लागतात, आणि त्यातला मोठा वाटा आपल्याच अंगातून जातो.

विदर्भातल्या थंडीने काय होणार, असं कुणी म्हणू नये. २०१८ च्या २९ डिसेंबरला नागपूरचा पारा ३.५ अंशांवर आला होता. आणि अंग गारठायला एवढी थंडी लागतही नाही. कपडे ओले असतील आणि वारा सुटलेला असेल, तर दहा अंशांतही शरीराचं तापमान घसरतं. आधी बोटं ऐकेनाशी होतात, मग जीभ जड होते, पाय अडखळतात. अंधारात, विहिरीच्या काठाशी, ओल्या हातांनी स्टार्टरची पेटी उघडणाऱ्या माणसाचे हातपाय असे होणं किती धोक्याचं आहे, ते तुम्हाला मी सांगायला नको.

मग घालायचं काय? महागडं काही लागत नाही. एका जाड पँटीऐवजी दोन पातळ थर घाला. आतला थर म्हणजे अंगालगतचा थर्मल पायजमा. बाजारात थर्मल म्हणून जे मिळतं त्यात पुष्कळदा भरपूर कापूस असतो, म्हणून लेबल वाचूनच घ्या. पॉलिस्टरचा, किंवा लोकर मिसळलेला असावा. लेबल नसेल तर कापडावर आतल्या बाजूने पाण्याचा थेंब टाका आणि बोटाने पसरवा. सुती कापड ओलं आणि थंड लागतच राहील. पॉलिस्टर झटकलं की थोड्या वेळात हाताला कोरडं वाटेल. हिवाळ्यात नागपुरात तिबेटी लोकांची उबदार कपड्यांची दुकानं लागतात. गोंदिया जिल्ह्यात गोठणगावला त्यांची १९७२ पासूनची वसाहत आहे. थंडीचा कपडा त्यांच्या हाताखालून आयुष्यभर गेलेला असतो. त्यांना विचारून घ्यायला हरकत नाही.

बाहेरच्या थराचं काम वारा अडवणं, काटा सोसणं आणि लवकर वाळणं. त्यासाठी तालुक्याच्या दुकानात एनएस लायक्रा किंवा फोर-वे लायक्रा म्हणून ज्या लोअर मिळतात, त्या जीन्सपेक्षा कितीतरी बऱ्या. दुकानात कापड तोंडाला लावून जोरात फुंकर मारा. फुंकर पलीकडे आरपार गेली तर वाराही जाईल. पॅराशूट कापडाची पँट वारा सगळ्यात चांगली अडवते आणि वजनाला काहीच नसते, पण ती चालताना सळसळते. ओलितावरच्या माणसाला त्याचं काही नाही. गस्तीवरच्या माणसाला मात्र चितळाचा किंवा वानराचा इशारा कानावर यायला हवा, त्याने ते कापड टाळावं. वनरक्षकांची खाकी बहुधा टेरिकॉटची असते. पॉलिस्टर आणि कापूस मिसळलेलं हे कापड पूर्ण सुतीपेक्षा लवकर वाळतं, काट्यालाही टिकतं. त्याच्या आत थर्मल असला की रात्र निभावते.

फ्लीस म्हणून जे मऊ, केसाळ कापड आलं आहे, ते १९७९ च्या सुमारास अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या माल्डेन मिल्सनं बनवलं. ऊब उत्तम, वजन कमी, भिजलं तरी पिळून घालता येतं. पण आपल्या रानात ते बाहेरून घालू नका. कुसळं आणि गोखरू त्यात असे रुततात की दुसऱ्या दिवशी सकाळभर वेचत बसावं लागतं, आणि रायमुनियाच्या झुडपात त्याचे धागे ओढले जातात. ते आतून घाला.

आणि शेकोटी! हे मी पोटतिडकीने सांगतो आहे. पॉलिस्टर आणि नायलॉन जळताना वितळतात आणि कातडीला चिकटतात. जागलीवर शेकोटीला पाय लावून बसायची आपली सवय आहे. अशी पँट घातली असेल तर शेकोटीपासून हातभर मागे सरा आणि मांडीवर घोंगडी टाका. लोकर लवकर पेट घेत नाही. ठिणगी पडली तर तिथेच करपून विझते. आपल्याकडची दख्खनी मेंढीची घोंगडी पँटीला फार खरबरीत, पण बसल्या जागी गुडघ्यांवर घ्यायला तिच्यासारखं काही नाही.

कापसाची बाजूही सांगितली पाहिजे. दुसऱ्या महायुद्धात थंड समुद्रात पडणारे ब्रिटिश वैमानिक वाचावेत म्हणून तिथल्या संशोधकांनी व्हेंटाइल नावाचं कापड विणलं, आणि ते शंभर टक्के सुती होतं. अतिलांब तंतूचा निवडक कापूस घेऊन इतकं घट्ट विणलेलं की भिजल्यावर सूत फुगतं आणि विणीतली भोकं बंद होतात. आजही ते बनतं. पण ते फार महाग असतं, आणि आपल्या पँटीचं कापड तसं विणलेलं नसतं.

आता बायांबद्दल. डिसेंबरात सकाळी दव असतानाच कापूस वेचायला जाणाऱ्या आपल्या आयाबहिणी साडीवर नवऱ्याचा नाहीतर मुलाचा फुल शर्ट घालतात. हात वाचतात, पण साडीचा काठ आणि परकर पोटऱ्यांपर्यंत भिजून जड होतो. परकराच्या आत पॉलिस्टरची पातळ थर्मल लेगिंग घालावी आणि तिचं टोक मोज्यात खोचावं. ऊब राहते आणि किडामुंगी अंगाला लागत नाही. २०१८ मध्ये नागपूरकडे स्क्रब टायफसची साथ आली होती, ती झुडपांतल्या बारीक किड्यांच्या चाव्यातून. मोज्यात खोचलेली पँट त्याविरुद्धही कामाची आहे. आणि फवारणीला घातलेली पँट जागलीला किंवा घरात कधीही घालू नका. २०१७ मध्ये याच यवतमाळ जिल्ह्याने फवारणीच्या विषबाधेत माणसं गमावली आहेत. फवारणीचे कपडे वेगळेच ठेवा, वेगळेच धुवा.

माझी एक मागणी आहे. वनरक्षकाला गणवेश मिळतो, पण त्याच्या पुढे काठी घेऊन चालणारा वनमजूर घरचीच पँट घालून येतो. व्याघ्रगणनेच्या वेळी पहाटे दवाच्या गवतातून तोही तेवढंच चालतो. त्याला हिवाळ्याच्या सुरुवातीला एक थर्मल आणि एक बदलायची कोरडी पँट द्यावी. खर्च किरकोळ आहे. आणि शेतकऱ्याला दिवसा वीज मिळावी, यासाठी सौर कृषी वाहिनीची योजना २०१७ पासून चालू आहे. ती प्रत्येक फीडरवर पोहोचली तर आजच्या भाषणाची अर्धी गरज उरणार नाही. तोवर प्लास्टिकच्या पिशवीत एक कोरडी पँट आणि कोरडे मोजे सोबत ठेवा. पाइप बदलून झाले की ओली उतरवा, कोरडी घाला आणि मगच बसा.

शिंप्याकडून शिवून घेणार असाल तर जांघेत कळी घालायला सांगा, म्हणजे उकिडवं बसताना शिवण उसवत नाही आणि कापड मांडीला ताणून चिकटत नाही. गुडघ्यावर दुहेरी कापड, पायाच्या टोकाला इलॅस्टिक, खिशाचं अस्तर जाळीचं, म्हणजे त्यात पाणी साचत नाही. एक बोट ढिली शिवा, आत थर्मल मावलं पाहिजे. आणि कापड तुळशीच्या लग्नाआधी टाका. त्यानंतर लग्नसराई सुरू होते, आणि मग तुमची पँट थेट संक्रांतीला हातात येते.