मोट शिवणारे हात

मला भाषण करता येत नाही. मी गोदीत ओझी उचलतो, रात्री कविता लिहितो. दहावीच्या पुढं माझी मजल गेली नाही. इथले मित्र म्हणाले, कवितेवर बोल. मी गळक्या मोटेवर बोलणार आहे. हसू नका.

माझा आज्जा ढोर. कातडं कमावणं, मोट आणि पखाल शिवणं, गळायला लागली की ती दुरुस्त करणं हे त्याच्या वाट्याचं काम. माझ्या शाळेच्या पुस्तकात कुंभाराचं चाक होतं, सुताराचा वाकस होता. हे नव्हतं. म्हणून सांगतो.

चुन्यात भिजवून केस काढलेलं कातडं कडेनं शिवून त्याची पिशवी करायची. आत बाभळीची साल आणि हिरड्याचा काढा भरून ती टांगायची. काढा कातड्यातून पाझरून थेंब थेंब खाली पडतो. तोच पुन्हा वर ओतायचा. मग पिशवी उलटी टांगायची, पुन्हा तेच. जे कातडं उद्या पाणी धरणार, त्याला आधी असं गळू द्यावं लागतं.

मोट बहुतेक शिवणीत गळते. आज्जा ती आधी भिजत घालायचा, कारण वाळक्या कातड्यात आरी घातली की ते चिरतं. कुजलेली कड कापायची, ठिगळ बसवायचं, आरीनं भोकं पाडून वादी ओढायची. भोक वादीपेक्षा बारीक पाहिजे. वादी पाण्यात फुगते आणि भोक आपोआप बुजतं. वरून चरबी नाहीतर एरंडेल चोळायचं. बकऱ्याच्या मसकेला बारीक भोक पडलं तर आतून गोल खडा लावायचा आणि बाहेरून कातडं गोळा करून दोऱ्यानं आवळायचं. झालं.

ही मोट दिवसभर पाटलाच्या विहिरीत बुडायची. बैल धावेवरनं नाडा ओढायचे, सोंडेतनं पाणी थारोळ्यात कोसळायचं. मेलेल्या जनावराचं कातडं, आमच्या हातानं कमावलेलं, आमच्या हातानं शिवलेलं. त्यानं विहीर बाटत नव्हती. आज्ज्यानं पोहरा सोडला असता तर बाटली असती! आज्जी घागर घेऊन लांब उभी, कुणी वाढंल म्हणून.

ही गोष्ट १९५० नंतरची आहे. कलम १७ नं अस्पृश्यता बंद केली होती. त्याच्या कितीतरी आधी, १९२३ साली, मुंबईच्या कायदेमंडळात बोल्यांचा ठराव झाला होता. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. मागनं सनातन्यांनी तळ्यात पंचगव्याच्या १०८ घागरी ओतल्या. हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूनं लागायला १९३७ साल उजाडलं. कागद पुढं गेला. आज्जी तिथंच उभी होती.

आता माझं सांगतो. आमच्या गँगमध्ये एका म्हाताऱ्या खलाशाची कॅनव्हासची छागल होती. कोरडी छागल सुरुवातीला गळतेच, भिजून धागा फुगला की थांबते. ही थांबेना. शिवण उसवली होती. मी दोऱ्याला मेण लावून ती दुहेरी शिवली. मेण फक्त शिवणीला, सगळ्या कापडाला नाही. सगळीकडं लावलं तर कापड पाझरत नाही आणि पाणी गार होत नाही. सगळे खूष. एकानं विचारलं, "कुठं शिकलास?" म्हटलं, आज्ज्याकडं. "आज्जा काय करायचा?" मी सांगितलं.

दुसऱ्या दिवशी त्यानं स्वतःची बाटली आणली. बोलला काहीच नाही. छागल गळत नव्हती, पाणी गार होतं.

खोटं सांगत नाही, त्या रात्री वाटलं, उगाच शिवली. आज्जा शिंपी होता म्हणालो असतो तर? मग स्वतःचीच लाज वाटली.

दोस्तहो, काही लोक आता या कामाला 'परंपरागत कला' म्हणून प्रदर्शनात मांडतात. त्या सडक्या वासात आमच्या पिढ्या बुडाल्या. तो धंदा कुणाच्या पोरानं जन्मानं करू नये. पण त्यातलं ज्ञान आमचं होतं, घाण त्यांनी चिकटवली. घरी जा, म्हाताऱ्यांना विचारा, वहीत लिहून घ्या. लपवू नका.

छागल अजून गोदीत आहे. म्हातारा तिच्यातनंच पितो, मीही पितो. तो बाटलीवाला रोज समोर बसतो. त्याला मी रोज विचारतो, "पाणी पाहिजे का?"

जय भीम.